बाबा, त्या डब्यातली पावडर बंद करा

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघाल्यापासून बाबांनी डाळीतलं प्रोटीन लिव्हरला जड पडेल म्हणून वरण सोडलं आणि अशक्तपणा वाटतो म्हणून राजूच्या डब्यातली प्रोटीन पावडर दुधात घेतात, असं आई सांगत होती. फोनवर विषय काढला की बाबा ‘बरं, बरं’ म्हणतात आणि फोन आईकडे देतात, म्हणून लिहिते आहे. आई, हे त्यांना वाचून दाखव.

बाबा, वरण सोडायची काही गरज नव्हती. प्रोटीन पचताना अमोनिया तयार होतो, लिव्हर त्याचा युरिया करतं आणि तो लघवीवाटे निघून जातो. लिव्हरचं हे रोजचंच काम आहे. सिरॉसिस झालेल्या, म्हणजे लिव्हर कायमचं खराब होऊन कडक झालेल्या माणसालासुद्धा डॉक्टर आता डाळ-अंडी बंद करायला सांगत नाहीत; उलट वजनाच्या किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन पोटात जाऊ द्या म्हणतात, कारण अंगावरचं मांस झडलं की रोगी आणखी खचतो. तुमच्या लिव्हरला जपायचं तर चहातली साखर आणि तळण कमी करा.

आता डब्याचं. राजूनं मला त्याचा फोटो पाठवला. मागच्या बारीक अक्षरांत प्रोटीनखाली ग्रीन टीचा अर्क आणि अश्वगंधा लिहिलेलं आहे. चहा पिणं वेगळं आणि त्याचा घट्ट अर्क रोज पोटात जाणं वेगळं. या दोन्हींमुळे काही जणांच्या लिव्हरला सूज येऊन कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत. निव्वळ दुधाच्या प्रोटीननं धडधाकट माणसाला सहसा असं होत नाही, पण डब्यात निव्वळ तेच आहे याची खात्री कोण देणार? २०२४ मध्ये केरळच्या डॉक्टरांनी आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरी तपासल्या. जवळपास ७० टक्के डब्यांवर प्रोटीनचा आकडा चुकीचा होता, काहींत तर लिहिल्याच्या निम्मंच निघालं. सुमारे १४ टक्क्यांत अफ्लाटॉक्सिन सापडलं. ओल लागलेल्या शेंगदाण्यावर, सरकीच्या ढेपेवर जी बुरशी धरते, तिचंच हे विष. ते वर्षानुवर्षं पोटात गेलं तर लिव्हरचा कॅन्सर होऊ शकतो. बुरसलेली ढेप तुम्ही गाईपुढे टाकत नाही, बाबा. मग हे स्वतः कसं घेता?

अशक्तपणा खरा आहे, तो मी नाकारत नाही. तुमच्या वयाला किलोमागे एक ग्रॅम तरी प्रोटीन हवं, म्हणजे तुमच्या ५५ किलोला ५५ ग्रॅम. पन्नास ग्रॅम तुरीच्या डाळीत अकरा, एका अंड्यात सहा, मोठ्या पेलाभर दुधात आठ. उरलेलं भाकर, पिठलं, मटकीची उसळ आणि मूठभर शेंगदाण्यांतून भरून निघतं. आई, तू वरण अगदी पातळ करतेस, त्यांच्या वाटीत जरा दाट वाढ. आणि दोन वेळच्या जेवणात तूही डाळ घे. सगळ्यांचं झाल्यावर तू चटणी-भाकरीवर भागवतेस, हे मला माहीत आहे.

राजूलाही सांगा. पोलीस भरतीचे सोळाशे मीटर धावायला त्या डब्याची गरज नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनंही २०२४ च्या आहार मार्गदर्शनात अंग कमवायला अशा पावडरी घेऊ नका असंच सांगितलंय. तालमीतला कोणी सुई किंवा गोळी देऊ लागला तर त्यानं हात लावू नये. त्यात अंग फुगवणारी स्टिरॉइड असू शकतात, त्यांनी लिव्हर बिघडू शकतं. मी लॅबमध्ये रोज नमुने लावते. त्याच्या वयाच्या पोरांचे हजाराच्या वर गेलेले एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारा आकडा) मी पाहिलेत, ते साधारण चाळिसाच्या आत असायला हवेत.

बाबा, लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली किंवा जेवण नकोसं झालं तर झाडपाल्याच्या औषधाला जाऊ नका, सरळ दवाखान्यात जा आणि डबा सोबत न्या. तसं काही नसलं तरी येत्या सोमवारी ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासणीला देऊन या. डॉक्टरांकडून एसजीपीटी, बिलिरुबिन (काविळीसाठी) आणि क्रिएटिनिन (किडनीसाठी) या तपासण्या लिहून घ्या. राजू गाडीवर नेईल, त्याच्याशी बोलले आहे. रिपोर्टचा फोटो त्यानं मला लगेच पाठवावा.

तुमची,
ताई