आर्निसच्या मैदानात काठीचा धाक राहू द्या : फिलिपिन्स क्रीडा आयोगाच्या अध्यक्षांना खुले पत्र

माननीय अध्यक्ष महोदय,
फिलिपिन्स क्रीडा आयोग, मनिला

सप्रेम नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवली आहे. मराठीत लिहितो आहे ते दोन कारणांनी. मन मोकळं करायचं तर मला हीच भाषा जमते. शिवाय दाव्हाओला वैद्यकीय शिक्षण घेणारी मराठी मुलं आणि इकडे कामाला आलेली आमची माणसं हे वाचतील, आणि ज्या देशाचं मीठ आपण खातो तिथल्या आर्निस या काठीच्या युद्धखेळाचं काय चाललंय, हे त्यांनाही कळेल.

मी मूळचा कोल्हापूरचा. जहाजबांधणीच्या कामानिमित्त आठ वर्षं फिलिपिन्समधल्या सेबू शहरात राहतो आहे. त्यातली सात वर्षं दर शनिवारी संध्याकाळी एका म्हाताऱ्या गुरूंच्या अंगणात, आंब्याच्या झाडाखाली, हातात अठ्ठावीस इंची वेताची काठी घेऊन उभा राहतो. ते माझे वस्ताद. इथल्या रिवाजाप्रमाणे आम्ही त्यांना ‘मानोंग’ म्हणतो. शिष्यांमध्ये मी सगळ्यात थोराड आणि सगळ्यात मंद. बाकी अकरा मुलं-मुली आहेत, शाळकरी. त्यांच्या स्पर्धा आता तोंडावर आल्या आहेत. आधी जिल्हा, मग सेंट्रल विसायसची प्रादेशिक फेरी, आणि नशीब असेल तर पालारोंग पम्बान्सा, म्हणजे देशभरातल्या शाळकरी मुलांची राष्ट्रीय क्रीडास्पर्धा. हे पत्र त्या मुलांसाठी आहे.

माझी मुख्य विनंती आधीच सांगतो. येत्या हंगामातल्या लढतींचे नियम असे करा की पोराच्या मनात समोरच्या काठीबद्दल धाक राहील. आज तो राहिलेला नाही.

मी जे पाहतो ते असं. शिट्टी वाजते, दोन मुलं एकमेकांवर धावून जातात आणि डोक्याला शिरस्त्राण, अंगाला जाड जाकीट आहे म्हणून दोघंही एकाच वेळी सपासप मारत सुटतात. वार अडवणं, बाजूला सरकणं, अंतर राखणं काहीच नाही. ज्याचे फटके जास्त मोजले जातील तो जिंकला. ही तक्रार माझ्या एकट्याची नाही. खरी काठी आणि जाकीट असलेल्या लढतींबद्दल जुनी जाणती माणसं कित्येक वर्षं हेच म्हणत आली आहेत. स्पंज लावलेल्या काठीच्या लढतीत वेगळी गत होते. तिथे स्पर्शाला गुण, म्हणून मुलं उड्या मारत येतात, टोक टेकवतात आणि पळतात.

अंगणात मात्र पहिल्या दिवसापासून उलटं शिकवतात. काठी म्हणजे काठी नव्हे, ती पात्याच्या जागी आहे, असं समजून हलायचं. सापाचा दात आधी काढायचा, म्हणजे समोरच्याचा शस्त्र धरलेला हात पहिल्यांदा निकामी करायचा. आणि आपण मारलं, पण त्यानेही मारलं, तर ते मारलंच नाही. मानोंग अशा वेळी काही बोलत नाहीत. काठी खाली ठेवतात आणि आम्हाला पुन्हा सुरुवातीच्या जागी जाऊन उभं राहायला लावतात. एकदा एका संध्याकाळी मला असं चौदा वेळा परत पाठवलं होतं.

महोदय, संरक्षक साहित्य काढून टाका, असं मी मुळीच म्हणत नाही. शस्त्राला मऊ करण्यात कमीपणा आहे, असंही मला वाटत नाही. आमच्या महाराष्ट्रातल्या व्यायामशाळांमध्ये फरीगदगा खेळतात. चामड्याने मढवलेली काठी म्हणजे गदगा, चामड्याची छोटी गोल ढाल म्हणजे फरी. मढवलेल्या काठीने शिकूनही माणूस तलवारीचा हात शिकतो, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. आपल्याकडे ‘मॉडर्न आर्निस’चे प्रवर्तक रेमी प्रेसास यांनीही हेच जाणलं होतं. जुन्या सरावात थेट हातावर मारत, बोटं सुजत, नवी पोरं पळून जात. त्यांनी काठीवर काठी मारून सराव करण्याची पद्धत रुळवली, शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना शिकवली, आणि त्यामुळे ही विद्या अंगणातून शाळेत पोचली. सोय करावी ती अशी. इजा कमी झाली, पण हाताला धोका आहे ही जाणीव शिकवणीत राहिली.

आणि स्पर्धा नकोत, असं तर मी कधीच म्हणणार नाही. लहानपणी कोल्हापुरात शिवजयंतीच्या मिरवणुकीत मर्दानी खेळ बघायला मी वडिलांच्या खांद्यावर बसून जायचो. लाठी फिरायची, दांडपट्टा सूं सूं करायचा, लोक टाळ्या वाजवायचे. पण दोघं समोरासमोर उभे राहून खरोखर कोण सरस ते ठरवणारा सामना मी फारच थोड्या वेळा पाहिला. समोर कोणी नसताना फिरवलेल्या काठीची चूक कुणी दाखवत नाही. सेबूत आल्यावर मुलं एकमेकांविरुद्ध खेळतात हे पाहून मला हेवा वाटला होता, तो आजही वाटतो.

या गावाला तर सामन्यांचा मोठा वारसा आहे. 1932 साली इथेच दोसे पारेस ही काठीची विद्या शिकवणारी संस्था उभी राहिली. 1952 मध्ये त्यातूनच वेगळे होऊन वेनान्सिओ ‘आन्सिओंग’ बाकोन यांनी बालिन्तावाक हे घराणं सुरू केलं. ते नाव म्हणजे जिथे ते शिकवत त्या रस्त्याचं नाव. दोन्हीकडच्या पठ्ठ्यांमध्ये आव्हानं होत, आणि ती बिननियमांची असत. 1979 मध्ये पहिली राष्ट्रीय खुली आर्निस स्पर्धा सेबूतच भरली, गुरूंच्या गटात दोसे पारेसचे काकोय कान्येते जिंकले. दहा वर्षांनी पहिली जागतिक स्पर्धाही इथेच. बिननियमांच्या झुंजीकडून नियमांच्या मैदानाकडे येताना कुणी मरू नये, डोळा जाऊ नये, ही काळजी घेतली गेली आणि ती योग्यच होती. तेव्हा मैदानात उतरणाऱ्यांना आधीच्या झुंजींची आठवण होती, म्हणून जाकीट घालूनही ते जपून खेळत असणार. आजच्या मुलांना ती आठवण नाही. म्हणून जी गोष्ट तेव्हा अनुभवातून आपोआप येत होती, ती आता नियमात लिहावी लागेल.

कशी लिहावी, याबद्दल थोडं बोलतो. मी पंच नाही, पण बरेच सामने पाहिले आहेत.

दोघांचा वार एकाच क्षणी लागला तर दोघांनाही गुण नाही, आणि तेच तिसऱ्यांदा झालं तर दोघांचाही एकेक गुण कापा. हा एक नियम आला तरी पहिल्या दहा सेकंदांत लढतीचं रूप पालटेल. वार केल्यावर स्वतःला झाकून बाहेर निघालेल्या खेळाडूलाच पूर्ण गुण द्या. जपानी केंदोत नुसत्या स्पर्शाला गुण मिळत नाही. वाराला ठाम पवित्रा लागतो, बांबूच्या तलवारीचा योग्य भाग योग्य जागी लागावा लागतो, आणि वारानंतरही सावधपण दिसावं लागतं. ते सावधपण दिसलं नाही तर पंच गुण देत नाहीत. तिकडच्या शाळकरी मुलांनाही हे कळतं, मग आपल्या मुलांना का कळणार नाही? आणि शस्त्र धरलेल्या हातावर स्वच्छ बसलेल्या वाराला डोक्यावरच्या वाराइतकंच मोल द्या. या विद्येचं मर्मच त्या वारात आहे. त्याला किरकोळ मोजलं की मुलं तो शिकायचं सोडून देतात. शिक्षकांना दोष देऊ नये. ज्याला पदक मिळतं तेच ते शिकवणार.

‘आन्यो’बद्दल, म्हणजे एकट्याने किंवा संघाने करून दाखवायच्या रचनांबद्दल, एवढंच म्हणतो की कोलांट्या आणि काठी हवेत फेकून झेलणं यांनी गुणपत्रिका भरू नये. 2009 च्या प्रजासत्ताक कायदा क्रमांक 9850 मध्ये आर्निसची व्याख्या करताना एस्क्रिमा, काली, गारोते यांच्याबरोबर तागालोग लोकांचं पानानान्दाता, पांगासिनानचं कालिरोंगान अशी प्रांतोप्रांतीची नावं आवर्जून घातली आहेत. ज्याने कुणी ती यादी केली त्याच्या मनात ही वेगवेगळी घराणी होती. मग इलोकोसचा मुलगा आणि सेबूचा मुलगा हुबेहूब एकच रचना का करतात? आन्योच्या पंचांमध्ये प्रत्येक प्रांतातला एक वयस्कर गुरू बसवा. त्यांना गुणपत्रिका भरायला मदतनीस लागला तर मदतनीस द्या. आमचे मानोंग एकाहत्तर वर्षांचे आहेत. स्पर्धेच्या ठिकाणी ते प्रेक्षकांत, मागच्या बाकावर बसतात, आणि ते मला बघवत नाही.

त्याच कायद्याने आर्निसला राष्ट्रीय युद्धकला आणि राष्ट्रीय खेळ ठरवलं. आपल्या आयोगाच्या मुद्रेवर त्याचं चिन्ह असावं आणि पालारोंग पम्बान्साच्या पहिल्या दिवशी पहिली स्पर्धा आर्निसची व्हावी, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. पहिल्या दिवशी देशभरातल्या मुलांच्या नजरा मैदानाकडे असतात. तेव्हा त्यांना जे दिसेल तेच त्यांना आर्निस वाटेल. म्हणूनच मी नियमांपाशी एवढा अडून बसलो आहे.

देशाबाहेरही याचा परिणाम आहे. 2005 आणि 2019 च्या आग्नेय आशियाई स्पर्धांत आर्निस होतं, कारण यजमान आपण होतात. 2019 मध्ये वीसपैकी चौदा सुवर्णपदकं आपल्या खेळाडूंनी जिंकली, आणि तो आनंद मी इथल्या लोकांबरोबर रस्त्यावर साजरा केला. 2023 मध्ये कंबोडियानेही हा खेळ ठेवला, म्हणजे दुसऱ्याच्या घरीही त्याला जागा मिळू शकते. पण परका पंच जेव्हा विचारेल की हा वार का मोजला आणि तो का नाही, तेव्हा शस्त्राच्या तर्काने देता येईल असं उत्तर आपल्याकडे हवं.

आता एक घडलेली गोष्ट. आयोजकांचं नाव घेत नाही, कारण मला कुणाला शिक्षा व्हायला नको आहे. दोन वर्षांपूर्वी एका खुल्या स्पर्धेला आम्ही आठ मुलं घेऊन गेलो. तारीख नऊ दिवस आधी कळली. मैदानावर पोचल्यावर समजलं की काठी कोणती असणार, हेच बदललं आहे. मुलांनी सराव खऱ्या वेताने केला होता, हातात आली स्पंजची. शिरस्त्राणं मोजून चार होती, मोठ्यांच्या मापाची, एकाच्या डोक्यावरून घामासकट दुसऱ्याच्या डोक्यावर जात होती. आमच्यातल्या सगळ्यात हुशार मुलीच्या डोळ्यांवर ते शिरस्त्राण दर दुसऱ्या वाराला घसरत होतं. ती हरली. रडली नाही, फक्त परतीच्या बसमध्ये तिने काठी हातात धरली नाही, आसनाखाली टाकली. तिची काठी जमिनीवर पडलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

तेव्हा हंगाम सुरू होण्याआधी सगळ्या संघटनांना एकत्र बसवून एकच नियमपुस्तिका काढा. इंग्रजीबरोबर सेबुआनो, इलोकानो, हिलिगायनोन या भाषांतही ती काढा, कारण अंगणातले गुरू त्या भाषांत शिकवतात. आणि लहान मापाची शिरस्त्राणं आयोगाकडून प्रत्येक प्रादेशिक फेरीला पोचवा. वेताची काठी पोराला कुठेही मिळते. ती तुटली तर तिचे काटे उडत नाहीत, तंतू सुटतात, म्हणून ती सुरक्षितही आहे. खर्च आहे तो डोक्यावरच्या साहित्याचा, आणि कोळ्याच्या, ऊसतोड्याच्या घरात तो झेपत नाही.

ती मुलगी आता चौदा वर्षांची आहे. कामोतेस बेटावरची. सरावाला यायला तिला दोनेक तासांची बोट धरावी लागते. ती परत यायला लागली आहे. गेल्या शनिवारी तिने माझ्या मनगटावर असा वार घातला की माझी काठी सुटून आंब्याच्या मुळाशी जाऊन पडली, आणि ती लगेच, मी सावरायच्या आत, दोन पावलं मागे सरून झाकून उभी राहिली. मानोंगांनी मान हलवली. असा वार तिने येत्या स्पर्धेत केला तर त्याचे पूर्ण गुण तिला मिळावेत.

तिचे वडील मासेमारी करतात. तिला घेऊन यायचं तर त्यांना जाळ्याचे दिवस सोडावे लागतात. स्पर्धेची तारीख निदान महिनाभर आधी कळवण्याची व्यवस्था आपण कराल का?

आपला विश्वासू,
सेबूतला एक कोल्हापूरकर, आर्निसचा विद्यार्थी