लोखंडाच्या खाली काय आहे, हे विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

प्रयोगशाळेत थर चढवण्याचे यंत्र आपण सांभाळता, आणि आमच्या शोधनिबंधांत आपले नाव कुठेच येत नाही, म्हणून हे आभार मी सर्वांसमक्ष मानत आहे.

सिलिकॉनवर कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नलिका, उगवण्यासाठी मी दोन महिने धडपडत होते. वेफरच्या, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकतीच्या, तुकड्यावर १ नॅनोमीटर जाडीचे लोखंड चढवायचे, हायड्रोजनमध्ये तापवून त्या थराचे बारीक कण होऊ द्यायचे आणि ७५० अंश सेल्सिअसला इथिलीन हा कार्बनयुक्त वायू सोडायचा, म्हणजे त्या कणांवर नलिका वाढू लागतात, हे सारे मी नेमाने करत होते; तरीही तुकडा भट्टीतून बाहेर यायचा तो आत गेला होता तसाच, करडा आणि चकचकीत. मी वायूंचे प्रमाण बदलले, तापमान बदलले, शेवटी लोखंडालाच दोष दिला.

आपण तो तुकडा चिमट्यात धरून खिडकीपाशी तिरपा केलात आणि विचारलेत, "ताई, लोखंडाच्या खाली काय आहे?" खाली काहीच नव्हते. हवेने सिलिकॉनवर आपोआप धरलेला ऑक्साइडचा एक-दोन नॅनोमीटरचा पापुद्रा एवढ्या उष्णतेत लोखंडाला अडवू शकत नाही. ते सिलिकॉनमध्ये मुरते, त्याचे सिलिसाइड (लोखंड आणि सिलिकॉन यांचे संयुग) होते आणि नलिका वाढवणारे कण उरतच नाहीत. जपानमधील केंजी हाता यांच्या चमूने २००४ साली पाण्याची किंचित वाफ मिसळून १० मिनिटांत अडीच मिलिमीटर उंच नलिका वाढवल्या, तो लेख मी कितीदा वाचला होता! त्यातही लोखंडाखाली अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साइड, जे लोखंडाला खाली मुरू देत नाही) आहे, पण माझे सारे लक्ष त्या वाफेवरच खिळले होते.

त्याच संध्याकाळी, घरी जायची वेळ टळून गेली असताना, आपण यंत्र पुन्हा निर्वात केलेत, १० नॅनोमीटर अ‍ॅल्युमिना चढवलेत आणि त्यावर लोखंड. दुसऱ्या दिवशी भट्टीतून निघालेला तुकडा काजळीसारखा काळा, मखमली होता. आपण टेपने झाकलेला कोपरा तेवढा आरशासारखा लखलखत होता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नलिका दाट पेरलेल्या जोंधळ्यासारख्या उभ्या दिसल्या, तेव्हा मला रडू आवरले नाही.

त्या तुकड्याचा अर्धा भाग डबीत घालून आपल्या टेबलावर ठेवला आहे. बोट लागले तर नलिका आडव्या होतात, म्हणून झाकण लावूनच ठेवावा, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
एक संशोधक विद्यार्थिनी