रंगद्रव्याची परीक्षा मेथॅनॉलमध्ये नव्हे, रक्तद्रवात

मा. संपादक,
स. न.

जिवंत शरीराच्या आतले दाखवणाऱ्या निकट-अवरक्त (तांबड्याच्या लगतच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशातल्या) डायवरचा, म्हणजे रंगद्रव्यांवरचा, लेख आपल्या विज्ञान पुरवणीत वाचला. ‘तरंगलांबी जितकी जास्त, तितका डाय सरस’ हे त्यातले विधान मात्र अर्धेच खरे आहे.

साधारण ६५० नॅनोमीटरच्या अलीकडे हिमोग्लोबिन प्रकाश गिळते, ९५०च्या पुढेमागे पाणी गिळू लागते. म्हणून मधला पट्टा सोयीचा, हे बरोबर. सायनाइन या डायच्या कुळात रेणूच्या मधल्या कार्बन-साखळीत आणखी एक दुहेरी बंध घातला की शोषण सुमारे १०० नॅनोमीटर पुढे सरकते: साय-३ ५५०च्या आसपास, साय-५ ६५०, साय-७ ७५०. पण साखळी लांबते तशी रेणूच्या उत्तेजित आणि मूळ अवस्थांमधली ऊर्जेची दरी अरुंद होते आणि शोषलेली ऊर्जा प्रकाश होण्याऐवजी रेणूच्या थरथरीत, म्हणजे उष्णतेत, जिरते. शिवाय उजेडात तयार होणारा सिंगलेट ऑक्सिजन (ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रूप) याच बंधांवर तुटून पडतो आणि डाय विटतो.

साखळीला ताठपणा यावा म्हणून मध्ये सहा कार्बनांचे कडे बसवतात. त्यावरचा क्लोरीन बदलून हवा तो गट जोडता येतो, आणि नवखे इथेच फसतात. अमाइन (नायट्रोजनचा गट) थेट जोडला की हिरवा डाय निळा होतो, शोषण शंभरहून अधिक नॅनोमीटर मागे येते आणि ८०० नॅनोमीटरच्या कॅमेऱ्याला काही दिसत नाही. फिनॉलचा ईथर केला तर रंग टिकतो, पण पेशींतल्या ग्लुटाथायोनसारखे थायॉल (गंधकयुक्त रेणू) तो गट उखडू शकतात. सुझुकी अभिक्रियेने (कार्बनला कार्बन जोडण्याची एक पद्धत) जोडलेला कार्बन-कार्बन बंध त्या मानाने चिवट. मेहनत जास्त, पण आमचे मत त्याच बाजूने.

लेखातल्या आलेखाखाली द्रावक छापलेला नाही. मेथॅनॉलमध्ये बहुतेक सायनाइन देखणे शिखर देतात. तोच डाय पाण्यात टाकला की रेणू एकमेकांना चिकटतात, आलेखात कमी तरंगलांबीच्या बाजूला खांदा (शिखरालगतचा उंचवटा) वर येतो आणि चमक मंदावते. रक्तद्रव घातल्यावर काय होते ते पाहावे. इंडोसायनाइन ग्रीन हा सायनाइन डाय पाण्यात ७८० नॅनोमीटरला शोषतो. रक्तद्रवातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटला की ८००च्या पुढे सरकतो आणि उजळतो. मोजताना उत्तेजक तरंगलांबीला शोषणांक (द्रावण किती प्रकाश शोषते त्याचे माप) ०.१च्या आत ठेवावा, नाहीतर द्रावण स्वतःचाच उजेड पिते.

इंडोसायनाइन ग्रीनला अमेरिकेत १९५९ मध्ये मान्यता मिळाली. क्वांटम यील्ड (शोषलेल्या प्रकाशकणांपैकी परत प्रकाश होणाऱ्यांचे प्रमाण) जेमतेम काही टक्के, तरी तो आजही शस्त्रक्रियागृहात आहे. रक्तातला अर्धायुकाल तीन-चार मिनिटे. यकृत तो पित्तात टाकते. मूत्रपिंडावाटे जाणारा डाय हवा असेल तर रेणू लहान ठेवून सल्फोनेटचे ऋणभार अमोनियम गटांच्या धनभारांनी तोलावे लागतात. नुसते सल्फोनेट वाढवून पाण्यातली विद्राव्यता मिळते, एवढेच.

डाय गाठीपर्यंत नेणाऱ्या प्रतिपिंडाला तो एनएचएस एस्टरने (अमाइनशी जुळणाऱ्या गटाने) जोडताना सामू ८.३ ते ८.५ ठेवावा. बफर बायकार्बोनेटचा घ्यावा, ट्रिसचा नको. ट्रिसमधला अमाइनच डायशी जुळून तो खाऊन टाकतो. एका प्रतिपिंडावर एक-दोन रेणू पुरेत. जास्त लादले तर ते एकमेकांना विझवतात आणि सगळा माल यकृतात साचतो. सुटा डाय स्तंभातून काढून टाकावा आणि उंदरांच्या एका गटाला तुलनेसाठी फक्त सुटा डाय द्यावा. हा गट नसेल, तर गाठीतली चमक प्रतिपिंडामुळे आहे असे म्हणता येत नाही.

आणि उंदराचे पोट चमकले म्हणून हुरळू नये. नेहमीच्या खाद्यातल्या लसूणघासाचे हरितद्रव्यही ७००च्या अलीकडे चमकते. काही दिवस आधीपासून हरितद्रव्यविरहित खाद्य दिले की तो उजेड जातो.

– रंगद्रव्य रसायनाचे दोन अभ्यासक