रहस्यपट नव्हे, थरारपट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दिग्दर्शक श्रीराम राघवन यांच्यावर आलेला लेख आवडीने वाचला. त्यात त्यांना सर्वत्र ‘रहस्यपटांचे दिग्दर्शक’ म्हटले असून त्यांच्या यशाचे श्रेय शेवटच्या धक्क्याला दिले आहे. या दोन्ही गोष्टी मला पटल्या नाहीत.

रहस्यपट कसा असतो, हे मराठी प्रेक्षकाला राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’मुळे (१९६४) चांगले ठाऊक आहे. पत्नी वारली असे मानणाऱ्या वकिलासमोर हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी आरोपी उभी राहते आणि ती खरोखर कोण, हे अखेरपर्यंत त्यालाही कळत नाही आणि आपल्यालाही. राघवन यांची थरारपटाची रीत बरोबर उलटी आहे. ‘जॉनी गद्दार’मध्ये (२००७) पाच भागीदारांपैकी दगाबाज कोण, हे आपल्याला आरंभीच सांगून टाकलेले असते, ठाऊक नसते ते फक्त उरलेल्या भागीदारांना. त्यामुळे खुनी सापडावा असे वाटण्याऐवजी तो आता कसा निसटणार, याचीच काळजी आपण करू लागतो आणि नकळत त्याच्या बाजूचे होतो. त्याने रेल्वेप्रवासाची युक्ती उचललेली असते तीही दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या ‘परवाना’ या १९७१ सालच्या चित्रपटातून. ‘जॉनी गद्दार’ हा थरारपटांचे दिग्दर्शक विजय आनंद आणि थरारक कादंबऱ्यांचे लेखक जेम्स हॅडली चेस यांना अर्पण केला आहे, हे लेखात यायला हवे होते. राघवन यांचे घराणे कोणते, ते त्या अर्पणपत्रिकेतून कळते.

‘अंधाधुन’मधील (२०१८) पियानोचा प्रसंग याच दृष्टीने पुन्हा पाहावा. आंधळ्याचे सोंग घेतलेला वादक एका घरी वाजवायला जातो आणि त्याला समोर यजमानाचे प्रेत पडलेले दिसते. त्याला दिसते आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. यजमानाची पत्नी आणि तिचा प्रियकर यांना ते ठाऊक नाही. ती दोघे खाणाखुणा करत रक्त पुसतात, प्रेत हलवतात आणि हा वाजवत राहतो. त्या वेळी शब्दांचे काम सुरावटच करते. प्रेक्षकाचा श्वास रोखला जातो तो त्याला सगळे माहीत असल्यामुळे. त्या चित्रपटाच्या अखेरच्या दृश्यावर आजही वाद झडतात, हे मान्य. पण आधीचे दोन तास आपण त्या दृश्याच्या आशेने खुर्चीत बसलेलो नसतो.

‘बदलापूर’ (२०१५) तर मला त्याहून मोठा वाटतो. पुण्यातील रस्त्यावरची नेहमीची वर्दळ कॅमेरा स्थिर राहून दाखवत असतो आणि तिच्यातूनच बँकेवरचा दरोडा व एका संसाराचा नाश समोर येतो. आता सूडकथा सुरू झाली, असे आपण गृहीत धरतो. मात्र सज्जन नायक सुडापायी क्रूर होत जातो आणि ज्याचा सूड घ्यायचा तो गुन्हेगारच शेवटी नायकाने केलेले खून आपल्या माथी घेतो. येथे ‘गुन्हेगार कोण’ याचे उत्तर पहिल्या काही मिनिटांतच मिळालेले असते. तरीही चित्रपट संपतो तेव्हा तोच प्रश्न अधिक अवघड होऊन समोर येतो. नवाझुद्दीन सिद्दीकी यांनी रंगवलेला ‘लायक’ नावाचा हा गुन्हेगार लेखात एका ओळीत आटोपला आहे, हे खटकले.

‘एजंट विनोद’ (२०१२) फसला, याबद्दल लेखकाशी माझे दुमत नाही. देशोदेशी धावणारा हेर हा राघवन यांचा प्रांत नव्हे. चार भिंती, एक प्रेत आणि खोटे बोलणारी दोन-तीन माणसे एवढ्यावर त्यांचे भागते. ‘मेरी ख्रिसमस’ (२०२४) जवळजवळ एका रात्रीत घडतो, तोही जुन्या मुंबईत. ‘एक हसीना थी’पासून (२००४) त्या चित्रपटापर्यंतच्या वीस वर्षांत त्यांचे पूर्ण लांबीचे सहाच चित्रपट चित्रपटगृहांत आले.

आणखी एक उणीव नोंदवतो. पुण्याच्या ‘एफटीआयआय’ या चित्रपट प्रशिक्षण संस्थेतील राघवन यांच्या दिवसांना लेखात बरीच जागा मिळाली, याचा पुणेकर म्हणून आनंदच आहे, परंतु ‘जॉनी गद्दार’पासून ‘मेरी ख्रिसमस’पर्यंत त्यांच्या चित्रपटांचे संकलन करणाऱ्या आणि लेखनातही सहभागी असणाऱ्या पूजा लढा सुर्ती यांचे नावही त्यात नाही. प्रेक्षकाला काय, कधी आणि किती कळू द्यायचे, हे ज्या चित्रपटांत संकलनाच्या टेबलावर ठरते, त्यांच्याविषयी लिहिताना हे नाव गाळणे योग्य नव्हे. पुढील अंकात तेवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे