उडत्या पक्ष्यासाठीची लेन्स स्थिर तक्त्यावर तपासल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व दुरुस्ती विभाग

विषय : टेलिफोटो झूम लेन्सच्या स्टॅबिलायझरमधील (हाताची थरथर सावरणाऱ्या यंत्रणेतील) दोष आणि दोनदा मिळालेला ‘दोष आढळला नाही’ हा शेरा.

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीची 600 मिमीपर्यंतची टेलिफोटो झूम लेन्स मी आठ महिन्यांपूर्वी केवळ उडत्या पक्ष्यांची छायाचित्रे काढण्यासाठी विकत घेतली आणि त्यांपैकी जवळजवळ अडीच महिने ती आपल्याच दुरुस्ती विभागात पडून होती. दोन्ही वेळा ती ‘दोष आढळला नाही; शटरचा वेग वाढवून पाहावा’ एवढ्या शेऱ्यासह परत आली. हा शेरा चुकीचा का आहे, हे सविस्तर लिहिण्यावाचून आता मला गत्यंतर नाही.

दोष असा आहे. पॅनिंगसाठी आपल्या माहितीपुस्तिकेत सांगितलेला स्टॅबिलायझरचा मोड 2 लावून, पक्ष्याबरोबर कॅमेरा आडवा फिरवत सलग चित्रे घेऊ लागले की पहिली तीन-चार चित्रे लख्ख येतात, पुढचे एखादे आडवे फरफटते आणि पुन्हा तीन-चार नीट येतात. त्या फरफटलेल्या चित्राच्या क्षणी व्ह्यूफाइंडरमधला पक्षी हिसका बसल्यासारखा मागे सरकतो आणि लेन्सखाली धरलेल्या डाव्या हाताला बारीकशी ‘टक’ जाणवते. असे चित्र मोठे करून पाहिले, तर बगळ्याच्या डोळ्यातल्या प्रकाशाच्या ठिपक्याची आडवी रेघ झालेली असते आणि चोचीची कड दुहेरी दिसते.

आता शटरच्या वेगाबद्दल. ताशी 36 किलोमीटर वेगाने उडणारा पक्षी सेकंदाला 10 मीटर जातो. म्हणजे कॅमेरा जागचा हलवला नाही, तरी 1/1000 सेकंदात तो 1 सेंटिमीटर सरकतो आणि 1/3200 सेकंदात जेमतेम 3 मिलिमीटर. कॅमेरा त्याच्याबरोबर फिरत असेल, तर चित्रात उमटणारे सरकणे याहूनही कमी होते. मी पाठवलेली बहुतेक चित्रे 1/2500 ते 1/3200 या वेगाने काढलेली आहेत आणि ही नोंद प्रत्येक चित्राच्या फाइलमध्येच असते. ती उघडून पाहण्याची तसदी कोणी घेतली असती, तर हा सल्ला मला मिळालाच नसता. 1/6400 पर्यंत जायचे, तर तेवढ्याच उजेडात आणि त्याच छिद्रमानावर आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता, दुप्पट करावा लागतो. पहाटेच्या प्रकाशात त्याची किंमत पिसांच्या तपशिलात मोजावी लागते.

शिवाय पक्ष्याच्या हालचालीमुळे आलेली अस्पष्टता सगळ्या अंगावर सारखी नसते. पंखाचे टोक धडापेक्षा कितीतरी वेगाने हलते, त्यामुळे शटर कमी पडले की आधी टोके पुसट होतात आणि डोळा शाबूत राहतो. अशी चित्रे मला खरे तर आवडतात. फोकस चुकला, तर पक्षी मऊ दिसतो, पण त्याला दिशा नसते. माझ्या बिघडलेल्या चित्रांत मात्र डोळा, चोच, पाय आणि पंखाचे टोक एकाच दिशेने, एकाच लांबीने ओढले गेले आहे. याचा अर्थ पक्षी हलला नसून लेन्सच्या आत संपूर्ण प्रतिमाच सरकली आहे.

पहिल्या वेळी पाठवलेल्या 20 चित्रांपैकी दोन 1/500 वर काढलेली होती, हे मला मान्य आहे. आदल्या दिवशी फांदीवर बसलेल्या पक्ष्यासाठी ठेवलेला वेग मी बदलायला विसरले होते. ती चूक सर्वस्वी माझी. आपल्या तंत्रज्ञांनी नेमकी तीच दोन हेरली आणि उरलेल्या अठरांबद्दल अवाक्षरही काढले नाही.

इतर शक्यता मी स्वतःच तपासून बाजूला केल्या आहेत. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सरच्या ओळी एकामागोमाग वाचल्या जातात आणि त्यामुळे पंख वाकडे दिसू शकतात, म्हणून सर्व चित्रे यांत्रिक शटरवर काढली. लेन्सपुढे फिल्टर नव्हता, टेलिकन्व्हर्टर (प्रतिमा मोठी करणारे जोडभिंग) नव्हता आणि तापलेल्या हवेची थरथर येऊ नये म्हणून वेळ सकाळची निवडली. स्टॅबिलायझर बंद ठेवून त्याच हातांनी, त्याच वेगाने घेतलेल्या दहा मालिकांत हा दोष एकदाही दिसला नाही. मोड 2 वर तो दहाही मालिकांत दिसला. शेवटी एका परिचितांची याच मॉडेलची लेन्स माझ्या कॅमेऱ्याला लावून मोड 2 वर दहा मालिका घेतल्या. त्या सगळ्या निर्दोष आल्या.

या मोडमध्ये कॅमेरा मुद्दाम फिरवला जात आहे हे लेन्सने ओळखून त्या दिशेची दुरुस्ती थांबवायची आणि फक्त वरखालची थरथर सावरायची, अशी अपेक्षा असते. माझ्या लेन्समध्ये आडवी दुरुस्ती थांबत नसावी. आतले भिंग फिरण्याला विरोध करत कडेपर्यंत जाते आणि तिथून मध्यावर उडी मारते. त्या क्षणी शटर उघडे असेल, तर चित्र बिघडते. हा माझा तर्क आहे. लेन्स उघडून तो तपासणे हे आपले काम.

आपल्या अहवालात मात्र लेन्स तिकाटण्यावर बसवून स्थिर तक्त्यावर तपासल्याचे लिहिले आहे. सायकल भिंतीला टेकवून तिचा ब्रेक तपासण्यासारखाच हा प्रकार झाला. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी 1882 मध्ये उडते पक्षी टिपण्यासाठी, सेकंदाला 12 चित्रे घेणारा कॅमेरा बंदुकीच्या आकाराचा बनवला, तो नेम धरून पक्ष्यामागे फिरवता यावा म्हणूनच. उडत्या पक्ष्यासाठी कॅमेरा फिरवावा लागतो ही गोष्ट इतकी जुनी असताना, पॅनिंगसाठी दिलेल्या मोडची चाचणी एकदाही लेन्स न फिरवता कशी पूर्ण झाली, याचा लेखी खुलासा मला हवा आहे.

तरी माझी लेन्स मोड 2 वर, दोन्ही दिशांना फिरवून तपासावी, चाचणीची पद्धत व चाचणीत घेतलेली चित्रे अहवालासोबत द्यावीत आणि दोष आढळल्यास स्टॅबिलायझरचा संपूर्ण भाग विनामूल्य बदलावा. ते शक्य नसेल, तर लेन्सच बदलून द्यावी. लेन्स आपल्याकडे राहिली तेवढे दिवस हमीच्या मुदतीत वाढवून मिळावेत. लेन्स तिसऱ्यांदा पाठवण्यास मी तयार आहे, परंतु वरील चाचणी होईल असे लेखी कळवल्यानंतरच. आपले उत्तर 15 दिवसांत मिळावे, ही विनंती.

कळावे,

आपली विश्वासू,
नोंदणीकृत ग्राहक

सोबत : खरेदीची पावती, दोन्ही दुरुस्ती अहवालांच्या प्रती आणि तिन्ही चाचण्यांतील मूळ, असंपादित चित्रे.