मळाचे पैसे न घेणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. पण त्या दिवशी तुम्ही जे केलंत ते लिहिल्यावाचून राहवत नाही. तुमच्या शोभेच्या माशांच्या दुकानातल्या चालू टाकीतला फिल्टरचा स्पंज तुम्ही बाहेर काढलात आणि मासे न्यायच्या पिशवीत पिळलात. पिशवी तपकिरी, गढूळ पाण्याने निम्मी भरली. वर हवा ठेवून रबर लावलंत आणि म्हणालात, "आधी हे न्या. मासे तीन आठवड्यांनी." पैसे विचारल्यावर उत्तर आलं, "मळाचे कसले पैसे?" आणि तुम्ही पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलात.

त्या मळाची किंमत तुम्हाला ठाऊक होती, म्हणूनच तो दिलात. माशाच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया उतरतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिली दोन्ही विषं आहेत. तिसरं थोडं साठलं तरी चालतं, शिवाय ते झाडांचं खत. नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच आणि ते वाढतातही फार सावकाश. आपोआप जमायला त्यांना चार ते सहा आठवडे लागतात. ते पाण्यात तरंगत नाहीत, स्पंजला, रेतीला, काचेला चिकटून राहतात. म्हणून "आमच्या टाकीतलं जुनं पाणी न्या" या सल्ल्याचा फारसा उपयोग नसतो, आणि पिळलेला स्पंज महिन्याभराचं काम आठवडा-दोन आठवड्यांवर आणतो. "वाटेत कुठे थांबू नका, उन्हात ठेवू नका, तासाभरात टाकीत ओता आणि फिल्टर लगेच चालू करा," हेही तुम्ही बजावलंत. या जिवाणूंना प्राणवायू लागतो, बंद पिशवीत तो संपत जातो.

हे पत्र लिहिताना राग येतो तो त्याआधीच्या दुकानाचा. तिथे एका दुपारीत सगळं बांधून मिळालं होतं: पाच लिटरचा गोल काचेचा बाऊल, दोन गोल्डफिश, भडक रंगाचे दगड, प्लास्टिकची झाडं आणि निळ्या औषधाची बाटली. गोल्डफिश वाढून वीतभर होतो आणि इतर छोट्या माशांच्या मानाने कितीतरी जास्त घाण करतो, हे विकणाऱ्याला माहीत नव्हतं असं मानवत नाही. टाकी मुरली आहे का, म्हणजे तिच्यात हे जिवाणू जमलेत का, पाणी कुठलं आहे, असा एकही प्रश्न आला नाही. मासे धापा टाकायला लागल्यावर सल्ला मिळाला, "रोज सगळं पाणी बदला, दगड नळाखाली चोळून धुवा, आरओचं पाणी घाला." नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जे काही जिवाणू जमले असतील ते मारले आणि निव्वळ आरओच्या पाण्यात माशाला लागणारे क्षार नसतात. चार दिवसांत जे व्हायचं ते झालं. "पहिल्यांदा मरतातच," असं हसत सांगितलं गेलं आणि दोन नवे मासे पुढे केले गेले. काका, पहिल्यांदा मरतातच असं काही नसतं.

तुम्ही विकायच्या आधी विचारलंत. टाकी कुठे ठेवणार? खिडकीचं ऊन येतं का? पाणी धरणाचं की टँकरचं? पुण्यात हा तिसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. खडकवासल्याचं पाणी हलकं, म्हणजे कमी क्षारांचं असतं. उन्हाळ्यात सोसायटी टँकर मागवते तेव्हा त्यात बोअरचं जड पाणी येतं आणि पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्क हे सांगणारा आकडा, चढतो. पीएच ७ वरून ८ वर गेला की तेवढ्याच अमोनियाचा विषारी भाग सुमारे दहापट होतो. हिवाळाभर धडधाकट असलेली टाकी एप्रिलमध्ये एका पाणीबदलानंतर अचानक का ढासळते, याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं. टँकर सुरू झाला की एका वेळी पाचवा हिस्साच बदलायचा, आणि त्याआधी अमोनिया शून्य आहे ना हे थेंबांच्या किटने बघायचं. हे तुम्ही पावतीच्या मागे लिहून दिलंत.

टाकीही तुम्ही मोठी विकली नाहीत. ४५ × ३० × ३० सेंटिमीटर, कागदावर ४० लिटर. झाडांसाठी तळाशी घालायची माती, रेती आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी २८ लिटरच भरतं. औषध असो की खत, हिशेब या २८ चा करायचा. चाळीसच्या हिशेबाने टाकणारे जवळजवळ दीडपट डोस देऊन बसतात. भरलेली टाकी पन्नास किलोच्या आसपास जाते, म्हणजे गव्हाचं पोतंच. तिला सपाट, भक्कम टेबल हवं आणि खाली थर्माकोलचा पत्रा, नाहीतर बारीकसा खडाही तळाची काच तडकवतो.

मातीबद्दल मात्र लोक फार चुकतात. नर्सरीतली तयार माती शेणखताने भरलेली असते. ती पाण्याखाली गेली की आठवडेच्या आठवडे अमोनिया सोडते. काळी माती फुगते आणि जरा हात लागला की पाणी गढूळ करते. तुम्ही सांगितलेली लाल माती, चाळून, काड्या-मुळं काढून, अडीच सेंटिमीटर थर, या मापाच्या टाकीला साडेतीन लिटर. तिच्यात लोह असतं. वर २ ते ३ मिलिमीटरची धुतलेली रेती चार सेंटिमीटर, साधारण आठ किलो. रेती घेताना चिमूटभर वाटीत घेऊन व्हिनेगर टाकायचं. बुडबुडे आले तर त्यात शिंपल्यांचा किंवा चुन्याचा अंश आहे, ती पाणी जड करत राहणार. थर याहून जाड केला तर तळाशी हवा पोचत नाही आणि सडक्या अंड्याचा वास येतो. पंधरवड्यातून एकदा विणकामाची सुई रेतीत चार-सहा ठिकाणी टोचायची.

पाणी भरताना रेतीवर बशी ठेवायची आणि धार बशीवर सोडायची. एवढ्याशा गोष्टीने सगळा चिखल वर येणं टळतं.

झाडं पहिल्याच दिवशी दाट लावा, हा तुमचा आग्रह होता. नंतर एकेक लावत गेलं तर मोकळी जागा शेवाळ घेतं. मागे व्हॅलिस्नेरिया आणि रोटाला, मधे क्रिप्टोकोरीन, लाकडाला दोऱ्याने बांधलेले अनुबियास आणि जावा फर्न. या दोघांचा आडवा जाड खोड-कंद रेतीत पुरला की कुजतो, फक्त मुळं खाली जाऊ द्यायची. आणि कोपऱ्यात तुमची आवडती ब्राह्मी, तीच, औषधातली. ती पाण्याखालीही जगते, फक्त उजेड बरा लागतो. रोटाला, क्रिप्टोकोरीन, ब्राह्मी या तिन्हींच्या जाती आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत, पाणथळीत आहेत. तरी तिथून उपटून आणू नका, हे तुम्ही दोनदा सांगितलंत. साताऱ्याच्या पठारावरचं वायतुरा हे पाणझाड तर जगात दुसरीकडे जवळपास नाहीच. रोपवाटिकेतली जुडी थोडक्या पैशांत मिळते.

क्रिप्टोकोरीन लावल्यावर आठवड्याभरात तिची पानं विरघळल्यासारखी गळतात आणि लोक झाड मेलं म्हणून उपटून फेकतात. मुळं जिवंत असतात. गळकी पानं कापायची, झाडाला हात लावायचा नाही, महिन्याभरात पाण्याखालची नवी पानं फुटतात. रोपवाटिकेत ही झाडं हवेत वाढवलेली असतात, त्यांना पानंच नवी घडवावी लागतात. हे आधी कानावर पडलं नसतं तर पहिल्या पंधरवड्यातच सगळी टाकी उपसली गेली असती.

उजेड पहिला महिना सहा तास, नंतर सात-आठ, १० ते १२ वॉटचा पांढरा एलईडी, टायमरवर. दिवा दिवसभर लावून ठेवला की झाडं वाढत नाहीत, शेवाळ वाढतं. नवी पानं पिवळी तर लोह कमी. जुनी पिवळी तर बहुधा नत्र. जुन्या पानांना बारीक भोकं पडली तर पोटॅश.

एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवायचा किंवा नळीत एकदिशा व्हॉल्व्ह बसवायचा, हे तुम्ही न विचारता सांगितलंत. वीज गेली की पाणी नळीतून उलटं चढतं आणि पंपात, तिथून जमिनीवर येतं. वीज बराच वेळ गेली तर स्पंजमधले जिवाणू मरायला लागू शकतात. अशा वेळी स्पंज बाहेर काढून टाकीतल्याच पाण्यात हलकेच हलवायचा, मग फिल्टर सुरू करायचा. एरवीही स्पंज धुवायचा तो पाणीबदलाच्या बादलीतच, नळाखाली कधी नाही. आठवड्याला सात लिटर बदलायचे, म्हणजे अर्धी बादली. पाणी आदल्या दिवशी भरून उघडं ठेवायचं, घाई असेल तर क्लोरीन घालवणारे सोडियम थायोसल्फेटचे थेंब. मे महिन्यात पाणी ३१-३२ अंशांवर गेलं तर झाकण काढून पृष्ठभागावरून छोटा पंखा फिरवायचा, दोन-तीन अंश उतरतात. उडालेलं पाणी भरायला मात्र आरओचंच हलकं पाणी वापरायचं, नाहीतर क्षार साठत जातात.

तीन आठवड्यांनी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट लिटरला दहा मिलिग्रॅमच्या आसपास. तेव्हाच तुम्ही मासे दिलेत, तेही सहा एम्बर टेट्रा. "फायटर हवा असेल तर तो एकटा, नाहीतर हे सहा. दोन्ही नाही." पिशवी वीस मिनिटं तरंगत ठेवायची, मग टाकीतलं पाणी वाटी-वाटीने तिच्यात घालायचं, मासे जाळीने उचलायचे, पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढंच, आठवड्यात एक दिवस उपास. आणि कंटाळा आला तर मासे, झाडं तलावात, नदीत सोडायची नाहीत, दुकानात परत आणायची. काच साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा असाच लोकांनी सोडून सोडून पूर्व कोलकात्याच्या पाणथळीपर्यंत माजला आहे.

"आज भेंडी जून आहे, नेऊ नका," म्हणणारी भाजीवाली, "हे कापड आटेल, दुसरं बघा," म्हणणारा शिंपी, अशी माणसं रोजच्या धंद्यात नुकसान सोसून खरं बोलतात आणि त्यांच्याबद्दल कुणी दोन ओळी लिहीत नाही. तुम्ही त्यांच्यातले. त्या दिवशी मासे विकले असते तर कुणी दोष दिला नसता. तुम्ही स्पंज पिळलात.

येत्या रविवारी रोटालाची छाटणी आहे. शेंडे पुन्हा रेतीत खोवून उरतील तेवढे ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दुकानात आणते. तुमच्या मधल्या टाकीत मागची बाजू मोकळी दिसली होती. आणि काका, पैसे विचारू नका.