तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंत

प्रिय चिऊ,

तू पाठवलेला डेरेक बेलीचा गिटारचा अल्बम ऐकला. मधले मधले तुकडे नाही, ओळीने सगळा. सध्या संध्याकाळी गोदाकाठी ढोलपथकांचा सराव चालतो, गंगापूर रोडपर्यंत आवाज येतो. तो थांबल्यावर रात्री लावला. बाबांनी आधी "हे काय लावलंयस?" म्हणून विचारलं आणि मग खुर्ची ओढून तेही बसले.

लिंकखाली तू एवढंच लिहिलंस, "आई, नाव बघ, तुझ्याच खात्यातलं आहे." नाव 'कार्पल टनेल', म्हणजे मनगटातली नस दबण्याचं दुखणं, आणि माझं खातं फिजिओथेरपीचं. आणि त्याच्या आदल्या दिवशी फोनवर म्हणालीस की गिटार वाजवताना हल्ली पिक, तार छेडायची ती छोटी चकती, बोटांतून सटकतं. या दोन गोष्टी मी वेगळ्या धरत नाही. फोनवर हा विषय तू फार वेळ टिकू देणार नाहीस, म्हणून लिहिते आहे.

आधी संगीताबद्दल. पहिल्यांदा ऐकताना मला कुठे टेकायलाच मिळेना. आपले कान षड्जावर वाढलेले. तानपुरा नसला तरी मनात कुठेतरी तो चालू असतो आणि गाणारा किती लांब गेला, कधी परत येणार, हे आपण त्यावरून मोजत असतो. इथे परत यायची जागाच नाही. ठेका नाही, चाल नाही, एका सुरानंतर दुसरा कुठून येईल याचा अंदाज नाही. मग मी तो नाद सोडला आणि लहानपणी तांबट आळीत जसं ऐकायचे तसं ऐकलं. मामाच्या घरी सुट्टीत असताना खालून दिवसभर ठोके यायचे. त्यांत गाणं शोधायला कोणी जायचं नाही, पण नुसत्या ठोक्यावरून कळायचं की पत्रा अजून जाड आहे, की भांड्याला बाक आलाय, की आता शेवटचा हात फिरतोय. सूर कुठला यापेक्षा तार कशाने छेडली, किती जोराने, बोट तिच्यावर किती वेळ राहिलं, हे ऐकायला लागल्यावर अल्बम उघडला.

डेरेक बेलीबद्दल मग मी वाचलं. इंग्लंडमधल्या शेफील्डचा, जन्म 1930 चा. पन्नासच्या दशकात पोटापाण्यासाठी नाचाच्या बँडमध्ये, नाटकगृहांत, स्टुडिओत सांगतील ते वाजवायचा. म्हणजे सुरेल वाजवता येत नव्हतं म्हणून हा असं वाजवू लागला, असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस. 2002 च्या 'बॅलड्स'मध्ये त्याने 'बॉडी अँड सोल', 'जॉर्जिया ऑन माय माइंड' अशी जुनी गाणी वाजवली आहेत. साठच्या दशकात शेफील्डमध्येच ड्रम वाजवणारा टोनी ऑक्सली आणि बेस वाजवणारा गॅव्हिन ब्रायर्स यांच्याबरोबर वाजवताना तो हळूहळू ठेका आणि चाल सोडत गेला. 1970 साली मित्रांबरोबर 'इन्कस' नावाची स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. मला सर्वांत आवडलं ते त्याचं पुस्तक. आयत्या वेळी सुचणाऱ्या संगीतावरचं ते 1980 मध्ये प्रसिद्ध झालं आणि जगभरच्या परंपरांचा विचार करताना त्याने सुरुवात केली ती भारतीय संगीतापासून. ज्याच्या वाजवण्यात रागाचा मागमूस नाही, तो आलापीकडे एवढ्या आदराने बघत होता, हे वाचल्यावर मी दुसऱ्यांदा ऐकायला बसले.

आता माझ्या खात्याचं. 2005 चा हा अल्बम. बेली तेव्हा पंचाहत्तरीचा होता आणि बार्सिलोनाला राहत होता. उजव्या हातात पिक धरवेना. कार्पल टनेल आहे असं सांगण्यात आलं. ऑपरेशन त्याला नको होतं. त्याने पिक बाजूला ठेवलं आणि अंगठ्याने, बोटाने तारा छेडायला शिकू लागला. पहिल्या भागात तो हे स्वतः बोलून सांगतो. पुढच्या भागांची नावं: तीन आठवड्यांनंतर, पाच आठवड्यांनंतर, सात, नऊ, बारा.

चिऊ, हा केस पेपर आहे गं! आम्ही अगदी असंच लिहितो. पेशंट आला, काय होत नाही ते लिहिलं, तीन आठवड्यांनी पुन्हा बघितलं, मग पाच. मनगट किती अंश वाकतं, चिमटीत किती जोर आहे, शर्टाचं बटण लागतं का. इतकी वर्षं मी हे आकड्यांत लिहीत आले. कोणी ते ऐकवू शकेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्याचा भाग लाव आणि दोन हात वेगवेगळे ऐक. त्याचा डावा हात पन्नास वर्षांचा वाजवलेला आहे. त्याला सगळं माहीत आहे: कुठे दाबायचं, कुठे तारेवर बोट नुसतं टेकवून हार्मोनिकचा घंटेसारखा सूर काढायचा, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला कशी उडी घ्यायची. उजवा हात मात्र पहिलीतला. पिक खाली जाताना वाजतं आणि वर येतानाही वाजतं. अंगठा खाली जातो, पण परत यायला त्याला वेळ लागतो. म्हणून डावा हात पुढच्या सुरावर जाऊन थांबलेला असतो आणि उजवा अजून निघालेला नसतो. मधल्या ज्या शांत जागा आहेत, त्या मला तिथून आल्यासारख्या वाटल्या. कोणी त्या मुद्दाम 'घेतलेल्या' नाहीत. आणि बेली त्या लपवत नाही, घाईने बुजवत नाही. पिकचा सूर टोकदार निघतो, अंगठ्याच्या मांसल पेराचा गोल आणि थोडा बुटका. तो बुटका सूरही तो पूर्ण होऊ देतो, मगच पुढचा.

बाराव्या आठवड्यापर्यंत अंगठा सराईत होतो, निदान मला तसं ऐकू आलं. पण तो पिकसारखा होत नाही. हे मला फार मोठं वाटलं. आमच्या कामात नव्वद टक्के माणसांना एकच विचारायचं असतं, "पहिल्यासारखं कधी होईल?" मीही त्यांना पहिल्यासारखंकडेच नेत असते, तेच माझं काम आहे. या माणसाने तो प्रश्न विचारलाच नाही. आज हाताला जेवढं येतंय त्यातून आज काय वाजेल, एवढंच त्याने पाहिलं. आणि ते घरात सराव म्हणून ठेवून न देता रेकॉर्ड करून लोकांपुढे ठेवलं.

दिंडोरीकडच्या एक ताई माझ्याकडे यायच्या. द्राक्षाच्या थिनिंगला जायच्या. घडातले बारीक मणी कात्रीने काढत दिवसभर हात डोक्याच्या वर. रात्री हात बधिर, मुंग्या, झटकल्याशिवाय झोप नाही. सीझनमध्ये रजा घ्या म्हणणं म्हणजे मजुरी सोडा म्हणणं, ते मी म्हटलं नाही. मनगटाला बांधायचा स्प्लिंट दिला, व्यायाम दिले. पुढच्या वेळी त्या कात्री घेऊनच आल्या आणि दाखवलं. अंगठा कात्रीच्या कडीत घालायच्या ऐवजी तिचा एक दांडा तळहातात टेकवून त्या दुसरा दांडा चार बोटांनी ओढत होत्या. मनगट सरळ राहत होतं. मी शिकवलेलं नव्हतं ते. काम जरा हळू होतं म्हणाल्या, पण मणी नेमका तुटतो. मी त्यांच्या पेपरवर फक्त 'पकड बदलली' असं लिहिलं. आता वाटतं, ते नीट वर्णन करून लिहायला हवं असं काम होतं.

जॅझ गिटार वाजवणारा जँगो राइनहार्ट तुला माहीत आहेच. 1928 मध्ये राहत्या कॅरव्हॅनला आग लागून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं कायमची गेल्यासारखी झाली, आणि उरलेल्या दोन बोटांवर त्याने अख्खी गिटार उभी केली. तो थोरच. पण त्याच्या रेकॉर्ड ऐकताना बोटं कमी आहेत हे कानाला कळत नाही, कारण आपल्यापर्यंत शिकून झाल्यावरचं वाजवणं येतं. बेली शिकतानाचं ऐकवतो. फिजिओथेरपिस्ट म्हणून मी बेलीच्या बाजूने जास्त झुकते, हे मोकळेपणाने सांगते.

मात्र एका ठिकाणी मी त्याच्या बाजूची नाही. नंतर कळलं की ते दुखणं मोटर न्यूरॉनचं, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी निकामी होत जाण्याचं होतं. 25 डिसेंबर 2005 ला तो गेला. पंचाहत्तरीच्या माणसाने ऑपरेशन नको म्हणणं हा त्याचा अधिकार होता आणि त्या आजारात त्या ऑपरेशनने काही हाती लागलंही नसतं. घाबरू नकोस, तुझ्या वयात तो आजार फार क्वचित दिसतो. पण पिक सटकणं ही नुसती कलाकाराची अडचण आहे असं समजून त्यातून नवी शैली काढायला बसू नकोस. आधी हाताला काय झालंय ते कळू दे.

मनगटात तळहाताच्या बाजूला आठ लहान हाडांची कमान असते आणि तिच्यावर एक चिवट पट्टा ताणलेला. त्या बोळातून बोटं वाकवणाऱ्या नऊ टेंडन जातात आणि त्यांच्याबरोबर एक नस, मीडियन. टेंडन सुजल्या की जागा कमी पडते आणि दबते ती नस. तिच्यामुळे अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, करंगळी सुटते. म्हणून मला हे सांग: मुंग्या येतात का, रात्री जास्त येतात का, करंगळीत येतात का? दोन्ही हातांचे पंजे उलटे करून मागच्या बाजू एकमेकींना लाव, मनगटं पूर्ण वाकलेली, आणि मिनिटभर तसेच धर. बोटांत मुंग्या आल्या तर किती वेळाने आल्या ते लिहून ठेव. अंगठ्याच्या मुळाशी जो उंचवटा असतो तो दोन्ही हातांचा सारखा आहे का, हे आरशासमोर बघ. मुंग्या अजिबात नाहीत आणि नुसती ताकद कमी वाटते, असं असेल तर तेही स्पष्ट सांग, कारण मग शोधायची जागा वेगळी असते.

तोवर झोपताना स्प्लिंट बांध, मनगट सरळ ठेवणारा, मेडिकलमध्ये मिळतो. लॅपटॉपवर काम करताना मनगट टेबलाच्या कडेवर टेकवू नकोस. मुंबईत नर्व्ह कंडक्शनची, म्हणजे नसेतून संदेश नीट जातो का ते बघायची तपासणी करून घेतलीस तर उत्तम, नाहीतर इथे करू. बहुतेकांचं स्प्लिंट, व्यायाम आणि थोडी विश्रांती यांवर भागतं. ऑपरेशन लागलंच तर तो पट्टा मोकळा करतात, साधारण भूल फक्त हातापुरती देतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. त्याची भीती बाळगून सहा महिने काढू नकोस, नस जास्त दिवस दबलेली राहिली तर स्नायू वाळतो आणि तो पूर्ण भरून येईल याची खात्री कोणी देत नाही.

शुक्रवारी पंचवटी एक्सप्रेसने निघ, बाबा नाशिक रोडला घ्यायला येतील. गिटार आण आणि पिकही आण. आधी पिकने वाजव, नेहमीचं, जे हातात बसलेलं आहे ते. मी तुझ्या अंगठ्याकडे बघेन. मग पिक ठेवून नुसत्या अंगठ्याने तेच वाजव, न सजवता, न थांबवता. मला दोन्ही ऐकायचंय, तुझी फिजिओथेरपिस्ट म्हणूनही आणि आई म्हणूनही. आणि नववा आठवडा आपण दोघी मिळून पुन्हा लावू. त्यात साधारण मध्यावर डावा हात अचानक हलका झाल्यासारखा वाटतो, तो अंगठ्याची वाट बघायला शिकला म्हणून की आणखी कशामुळे, हे मला अजून उलगडलेलं नाही. तू वाजवणारी आहेस, तुला कळेल.

तुझी,
आई